उघड्या वाफ्याला पाणी घालू नये

प्रस्ताव मंजूर झाला असता तर आमच्या साहेबांना एक जीप, निवृत्तीनंतर दोन वर्षांची सल्लागारकी आणि केबिनला नवे पडदे मिळणार होते. जीप सातव्या पानावर होती, सल्लागारकी अकराव्या पानावर, आणि पडदे 'प्रयोगशाळेतील प्रकाश-नियंत्रण' असं नाव घेऊन नवव्या पानावर लपून बसले होते. मला काय मिळणार होतं ते कुठल्याच पानावर नव्हतं. मी जिथे आहे तिथेच राहणार होतो, एवढंच.

तुम्हाला वाटेल, हे काय मिळणं झालं? पण आमचं भाजीपाला संशोधन उपकेंद्र म्हणजे तीन खोल्या, एक विहीर आणि वीज तोडल्यामुळे मौनात गेलेला एक पंप. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं की ज्या उपकेंद्राकडे या वर्षी बाहेरून अनुदान मिळालेला प्रकल्प नसेल ते बंद होईल आणि तिथल्या माणसांना मुख्य कार्यालयात सामावून घेतलं जाईल. मुख्य कार्यालय एक दिवसाच्या प्रवासावर. तिथे मला सामावून घेणार होते ते स्टेशनरी विभागात. मी घरी पत्र वाचून दाखवलं. बायको इथल्या शाळेत गणित शिकवते. ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "तुम्ही जा. आम्ही सुट्टीत येऊ. तिथे डबा मिळतो का तेवढं बघून ठेवा." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्या जाण्याने घरात किती जागा होईल याचं गणित तिने आधीच सोडवून ठेवलंय, असा मला संशय आला.

त्या क्षणी मी ठरवलं. प्रस्ताव करायचा, आणि असा करायचा की नाकारणाऱ्याचा हात थरथरला पाहिजे.

विषय माझ्याकडे तयार होता. भाजीच्या वाफ्यावर पालापाचोळ्याचा जाड थर पसरला की जमीन लवकर वाळत नाही आणि निम्म्या पाण्यात पीक निघतं. नवीन काही नाही, पण आमच्या भागातल्या मातीत नेमकं किती पाणी वाचतं ते कोणी मोजलेलं नव्हतं. ते मोजायचं, हे झालं संशोधन. मग ते शेतकऱ्यांना जाऊन पटवायचं, याला आमच्या खात्यात विस्तार म्हणतात. संशोधनात झाडं ऐकत नाहीत आणि विस्तारात माणसं ऐकत नाहीत, एवढाच दोन्हींत फरक.

फॉर्म भरत भरत मी चौदाव्या प्रश्नापर्यंत सुखरूप पोचलो. तिथे लिहिलं होतं: 'प्रयोगाचे प्राथमिक निष्कर्ष जोडावेत.' मी अनुदान मंडळाला फोन लावला.

"निष्कर्ष जोडलेच पाहिजेत का हो?"

"जोडलेच पाहिजेत," पलीकडचा कारकून म्हणाला.

"पण निष्कर्ष काढायलाच तर पैसे मागतोय."

"निष्कर्ष असतील तर पैसे कशाला लागतात?"

"नाहीयेत ना पण!"

"नसतील तर प्रस्ताव अपूर्ण आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला. त्याचं चुकलं कुठे हे मी अजून शोधतो आहे.

साहेबांना सांगितलं तर ते जीपच्या माहितीपत्रकातून मान वर न काढता म्हणाले, "आकडे टाका हो. टोमॅटो काय साक्ष द्यायला येणारेत?"

आता, मी हरिश्चंद्र नाही. पण घरात गणिताची बाई असली की माणसाची खोटे आकडे टाकायची सवय सुटते. साहेबांना म्हटलं, आकडे खरे टाकणार. केंद्रात पाणी नाही, तर घरी टोमॅटो लावणार. साहेब म्हणाले, "लावा की. जीपला धक्का लागणार नाही असं बघा."

आमच्या इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीलगत मातीचा एक पट्टा होता. त्यासाठी सोसायटीची परवानगी हवी, आणि सोसायटी म्हणजे चेअरमन. हे गृहस्थ वजनमापं तपासणीस म्हणून निवृत्त झाले होते, आणि वजनमापं सोडून बाकी सगळं तपासायची हौस अजून शिल्लक होती. माझा अर्ज त्यांनी हातात घेऊन आधी वजन केल्यासारखा वरखाली केला.

"टोमॅटो तात्पुरते की कायमचे?"

"हंगामी."

"हंगामी म्हणजे किती दिवसांचं अतिक्रमण?"

"अहो, अतिक्रमण कसलं? संशोधन आहे."

"ते अर्जात लिहा. आणि कुजका वास येणार नाही हेही लिहा. आणि जागा स्वच्छ राहील हे तर लिहाच."

मी तिन्ही लिहून दिलं. स्वच्छतेचं ते वाक्य माझ्या हातून लिहवून घेतलं गेलं हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

दोन वाफे केले. दोन्हींत आठ आठ रोपं. एकावर पाल्याचा थर पसरला, दुसरा उघडा ठेवला. दोन्हींना पाणी सारखंच, आणि मुद्दाम कमी. झाकलेल्या वाफ्याने त्या पाण्यात तग धरायचा आणि उघड्याने माना टाकायच्या. उघडा वाफा तेवढ्यासाठीच असतो. तो वाळला नाही तर झाकलेल्याने काय मिळवलं हे कळणार कसं?

पहिला आठवडा शास्त्राप्रमाणे गेला. उघडा वाफा मलूल झाला. मला इतका आनंद झाला की मी गॅलरीत उभा राहून त्याच्याकडे बघून हसलो, आणि ते नेमकं तळमजल्यावरच्या डॉक्टरीणवहिनींनी पाहिलं. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट वाफ्यांवर उघडते.

"भावजी, त्या बिचाऱ्यांना उपाशी का ठेवलंय?"

"प्रयोग आहे वहिनी."

"प्रयोग तुमचा आणि तळतळाट माझ्या खिडकीत!"

त्यानंतर सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरून आलं की मातीत राख घाला. दुसऱ्या मजल्यावरून आलं की राख अजिबात घालू नका. तिसऱ्या मजल्यावरचे एक जण विमा विकतात. ते म्हणाले, पिकाचाही विमा निघतो. माझं शिक्षण, माझी अठरा वर्षांची नोकरी, भिंतीवरची माझी पदवी, यांपैकी काहीही मध्ये न आणता मी सगळ्यांना 'हो हो' म्हणत होतो. तज्ज्ञ माणसाने नम्र असावं म्हणतात. मी नम्रच होतो. फक्त घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून काही वेळ बसायचो.

आणि मग एका सकाळी उघडा वाफा ताठ उभा होता.

नुसता ताठ नाही, हिरवागार. माती काळी, ओली. झाकलेला वाफा बरा होता, पण याच्या शेजारी तो दूरच्या गरीब नातेवाइकासारखा दिसत होता. मी ऊन मोजलं, माती चोळून बघितली, टाकी गळते का बघायला टाकीवर चढलो. जुनी पुस्तकं काढली. बायको वह्यांतून म्हणाली, "अहो, कोणीतरी पाणी घालतंय."

"कोण घालेल? कोणाला काय पडलंय?"

"तेच तर. काही न पडलेली माणसं या बिल्डिंगमध्ये किती आहेत ते मोजा."

मी फळी रंगवून घेतली. 'उघड्या वाफ्याला पाणी घालू नये.' चेअरमनांच्या आग्रहावरून खाली 'हुकमावरून' असंही लिहिलं. ही फळी लावणं म्हणजे आगीवर रॉकेल. तोवर फक्त मागच्या बाजूच्या लोकांना तो वाफा माहीत होता. आता समोरच्या बाजूचेही चक्कर मारून मागे यायला लागले, की पाणी कोणाचं तोडलंय ते बघू तरी. आलेला माणूस आधी फळी वाचायचा, मग झाडं बघायचा, मग माझ्या गॅलरीकडे बघायचा. त्या तिसऱ्या बघण्यात काय असायचं ते मी इथे लिहीत नाही.

मी सभा बोलवायला लावली. जिन्याखाली खुर्च्या मांडून सभा झाली. 'उघड्या वाफ्यास कोणीही पाणी घालू नये' हा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पाणीही सर्वानुमते घातलं गेलं.

मग मात्र मी रजा काढली आणि सकाळपासून टाकीमागे दबा धरून बसलो. सरकारी अधिकाऱ्याने टाकीमागे उकिडवं बसणं शोभतं का, हा प्रश्न मीही स्वतःला विचारला. पण स्टेशनरी विभाग डोळ्यांसमोर आणला की गुडघे आपोआप वाकत होते.

पहिल्या आल्या वहिनी, पातेलं घेऊन. मी टाकीमागून उठलो तशा दचकल्या, पण सावरल्या. "हे पाणी नाहीच मुळी. भाज्या धुतलेलं आहे," म्हणाल्या आणि ओतून मोकळ्या झाल्या. मग आले चेअरमन, बाटली घेऊन. "मी तपासणी करतोय," ते म्हणाले. "ठराव पाळला जातोय की नाही ते."

"बाटली कशाला?"

"माती ओली नसेल तर ओली झालेली कशी दिसते ते ताडून बघायला नको?"

मी पुन्हा टाकीमागे जाऊन बसलो.

आणि तिसरे आले ते आमचे सासरे. ते वर्षभर आमच्याकडेच राहतात. हातात माझीच झारी, माझ्याच न्हाणीघरातून भरलेली. मला बघून ते जागच्या जागी थांबले, आणि मग अगदी सावकाश झारी वाफ्यावर तिरपी केली.

"बाबा! तुम्ही?"

"मी पाणी घालत नाहीये जावईबापू. झारी रिकामी करतोय."

"बाबा, हे जमलं नाही तर माझी बदली होणार आहे. माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये म्हणून तर!" म्हातारबा एकदम कळवळून म्हणाले. "शेतीखात्यातला माणूस, आणि दारातली टोमॅटोची झाडं मेली! उद्या तुमचे वरचे लोक बघायला आले तर तुम्हाला कोण ठेवून घेईल हो? सगळ्या बिल्डिंगला तीच काळजी लागलीये. आम्ही पाळ्या लावून घेतल्यात."

पाळ्या! म्हणजे मला वाटत होतं की हे लोक झाडांची कीव करताहेत. झाडांची नव्हे, माझी! अख्ख्या बिल्डिंगचं एकमत झालं होतं की याला काही टोमॅटो येत नाहीत, माणूस बिचारा चांगला आहे, आपणच वाढवून देऊ. चार मजल्यांच्या इमारतीत एवढं एकमत मी याआधी फक्त लिफ्टच्या वर्गणीला विरोध करताना पाहिलं होतं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो. आणि मग चौदावा प्रश्न भरला. निष्कर्ष नाहीत, असं स्पष्ट लिहिलं. का नाहीत तेही लिहिलं: फळी, ठराव, पाळ्या, सगळं. 'भाज्या धुतलेले पाणी, प्रमाण अज्ञात' असा एक रकानाही केला. बायकोने वाचून बघितलं आणि म्हणाली, "बेरीज बरोबर आहे." माझ्या लग्नाच्या आयुष्यात याहून मोठं कौतुक झालेलं नाही. साहेबांनी सातवं पान उघडून जीप आहे ना ते बघितलं आणि शेवटच्या पानावर सही ठोकली.

काही दिवसांनी मंडळाचं पत्र आलं. मंडळाच्या परीक्षक बाई जागेवर येऊन 'प्रश्न क्र. १४ ची प्रत्यक्ष पाहणी' करणार होत्या. तेव्हा कुठे साहेबांनी ते पान वाचलं.

"हे काय लिहिलंय तुम्ही? सासरे? पातेलं?"

"खरं ते लिहिलंय साहेब."

"खरं लिहायला आपल्याला पगार मिळतो का?" साहेब खुर्चीत बसले. बराच वेळ ते पडदे नसलेल्या खिडकीकडे बघत राहिले.

परीक्षक येणार ही बातमी बिल्डिंगमध्ये माझ्याआधी पोचली होती. सकाळी मी खाली उतरलो तर मागचं अंगण लख्ख. सफाईच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"दादा, तुमचे साहेब लोक येणार ना, म्हणून सगळा कचरा काढला. त्या एका वाफ्यावर तर केवढा पाला पडला होता! चेअरमनसाहेब म्हणाले, जागा स्वच्छ ठेवायची असं तुम्हीच लिहून दिलंय."

झाकलेला वाफा उघडा पडला होता. मी उघड्या वाफ्याकडे वळलो तर तो दिसेना. वहिनींनी चार काठ्या रोवून त्यावर फुलाफुलांची चादर ताणली होती. "पाहुण्यांसमोर ऊन लागून कोमेजायला नकोत," त्या खिडकीतून म्हणाल्या.

तेवढ्यात गाडी आलीच. परीक्षक बाई किरकोळ अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, हातात गुणांचा तक्ता. मागोमाग साहेब.

"यातला झाकलेला कुठला?" बाईंनी विचारलं.

"तो. जो उघडा आहे तो."

"आणि उघडा?"

"चादरीखाली."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. 

पण तोवर जिन्यातून माणसं उतरायला लागली होती. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, फार कष्टाळू आहेत हो भावजी. टोमॅटो येत नाहीत, पण त्याला कोण काय करणार?" चेअरमन म्हणाले की या इसमाचा अर्ज त्यांनी स्वतः तपासला असून त्यात खोट नाही. विमावाले म्हणाले, मंगळवारची पाळी आम्ही सांभाळतो. सासरे सगळ्यांच्या पुढे येऊन उभे राहिले, जणू बदलीचा हुकूम त्यांच्यावरून ओलांडून जायला हवा.

बाईंनी टोपण पुन्हा काढलं. "तुम्हाला पाणी घालायला कोणी सांगितलं?"

"छे! उलट मनाई आहे," वहिनींनी अभिमानाने फळी दाखवली.

"काही भत्ता मिळतो?"

"कसला?"

"बैठकीला चहा वगैरे?"

"चहा आम्हीच त्यांना पाजतो की."

बाई खाली बघून भराभर लिहीत होत्या. साहेबांनी संधी साधून मध्येच सांगितलं की आमच्याकडचे रस्ते फार खराब आहेत. त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुमच्या प्रस्तावात विस्ताराच्या भागात लिहिलंय, 'शेतकऱ्यांना तंत्र समजावून सांगितले जाईल.' यांना समजावलंत?"

"प्रयोग आहे, हे सांगितलं ना. फळी लावली, ठराव केला..."

"ते नाही विचारलं. हा वाफा वाळला तरच तुमचं काम होणार आहे, हे यांना माहितीये?"

मी सगळ्यांकडे बघितलं. अठरा वर्षांत गावोगाव जाऊन मी किती भाषणं दिली असतील, पण माझ्याच इमारतीत राहणाऱ्या माणसांना एक वाक्य धड सांगितलेलं नव्हतं. मी सांगायला लागलो. तक्ते नाहीत, मोठे शब्द नाहीत. हा वाफा मी मुद्दाम तहानलेला ठेवलाय. तो सुकला आणि शेजारचा टिकला, तर पाल्याने पाणी वाचतं हे सिद्ध होईल. सिद्ध झालं तर केंद्र राहील. केंद्र राहिलं तर मी राहीन.

सासऱ्यांनी झारी खाली ठेवली. "म्हणजे... आम्ही तुम्हाला बुडवत होतो?"

"थोडंसं, बाबा."

"मग आधी नाही का सांगायचं!"

"फळी लावली होती ना."

"फळीवर घालू नका असं होतं. का घालू नका, ते कुठे होतं?"

बाईंनी तेवढं एक वाक्य तक्त्याच्या कडेला लिहून घेतलं, आणि ते माझं नव्हतं.

निकालाचं पत्र आलं. प्राथमिक निष्कर्षांना शून्य गुण. लोकसहभागाला मात्र पैकीच्या पैकी, आणि कंसात शेरा: 'मंडळाच्या अनुभवात प्रथमच.' दोन्हींची बेरीज काठावर पास. जीप, पडदे आणि सल्लागारकी कापली होती. पंप, वीज आणि दोन वर्षांचा प्रकल्प द्यायला मंडळ तयार होतं, पण एका अटीवर: याच जागी, याच माणसांच्या देखत प्रयोग पुन्हा नीट करून दाखवायचा.

पुन्हा आठ आठ रोपं लावली. पाळ्या या वेळीही लागल्या, पण हात आवरण्याच्या. चेअरमन शिट्टी घेऊन फिरायला लागले. मावशींनी पाल्यावर कोणाला पाऊल टाकू दिलं नाही, एकदा तर मलाच हटकलं. वहिनींनी खिडकी लावून घेतली आणि भाज्या मोरीत धुवायला लागल्या. "मला ते बघवत नाही भावजी, पण तुम्ही सांगितलंत ना, मग झालं." सासरे सकाळी फिरायला मागच्या अंगणातून जायचे ते पुढच्या फाटकातून जायला लागले.

पानापानाने उघडा वाफा गेला. झाकलेला टिकला, फुलला, लगडला. आकडे असे स्वच्छ आले की बायकोने दोनदा पडताळले आणि दोन्ही वेळा लाल पेनाचं टोपण काढलं नाही. मंडळाची मंजुरी आली आणि मुख्य कार्यालयाने माझं नाव स्टेशनरी विभागाच्या यादीतून काढलं.

आता हिशेब मांडतो. पैसे मंडळाने भरले. मागच्या हंगामात जादा गेलेल्या पाण्याचं बिल सोसायटीने माझ्या नावावर टाकलं, ते मी भरलं. साहेबांनी आपली स्वप्नं भरली आणि निवृत्तीच्या समारंभाला पायी आले. राहता राहिली ती आठ वाळकी रोपं. ती उपटायला मी खाली उतरलो तर सासरे आधीच वाफ्यात बसले होते, एकेक काडी मुळासकट हलक्या हाताने काढत.

"द्या बाबा, मी काढतो."

"नको," ते म्हणाले. "ही तुमच्यासाठी गेली. तुम्ही हात लावू नका."

वहिनींची खिडकी किलकिली झाली. चेअरमन शिट्टी खिशात घालून टाकीशी उभे राहिले. मी इथे राहिलो त्याची किंमत ही, आणि ती या लोकांनी पाण्याचा एक थेंब न सांडता भरली.